उन्हानं रापलेली नवरी

थोरल्या बहिणीला बघायला पाहुणे येणार म्हटलं की माझी रवानगी वालूरला, मावशीकडे. थोरली सावळी, धाकटी गोरी. पाहुण्यांची नजर घसरायला नको म्हणून आमच्याकडे धाकटीला अशी घराबाहेर काढतात. गोरं असणं हा मोठा मजेशीर गुन्हा. शिक्षा म्हणून मावशीच्या हातचे धपाटे खावे लागतात.

मावशीकडेच इटलीतल्या लोककथांचं एक मराठी पुस्तक सापडलं. घरी आल्यावर मी त्यातली एक गोष्ट बहिणीला सांगितली. ती डाळ निवडत होती. राजपुत्राला हवी गोरीपान बायको. ती निघते फळातून. आपल्याकडे बेलफळातून निघते, तिकडे लिंबातून, एवढाच फरक. तिला झाडावर बसवून हा कपडे आणायला जातो. तेवढ्यात एक काळी दासी तिला टाचणी टोचून तिचं पाखरू करते आणि स्वतः तिच्या जागी बसते. राजपुत्र आल्यावर म्हणते, "उन्हानं रापले." आणि त्या शहाण्याला ते पटतं!

"अगं बाई, साऱ्या मुलखात काळीच का लबाड असती?" बहीण म्हणाली. "मग केलं का लगीन?"

"केलं की. शब्द दिला होता ना."

"लय चांगला होता मग. असला एखादा इकडं पाठव म्हणावं."

हसलो दोघी. पण आधीची स्थळं नुसता फोटो बघून फिरली होती आणि ती आतून खचत चालली होती. म्हणून या खेपेला मामानं मोबाइलवर तिचा फोटो असा उजळवला की मलाही ओळखू येईना. ताडकळसचे पाहुणे भाळले, यायचं ठरलं आणि मी निघाले वालूरला.

पुढचं बहिणीनंच सांगितलं. ती पाणी घेऊन बाहेर गेली. मुलाची आई एकदा मोबाइलकडे बघे, एकदा तिच्याकडे.

"फोटोतली पोरगी कुठाय?"

"हीच हाय की," आई घाईघाईनं म्हणाली. "कापूस वेचायला जाती ना, उन्हानं रापलीय."

आईनं ती गोष्ट ऐकलेलीसुद्धा नव्हती! बहिणीला हसू आवरेना. पाहुण्यांना पोरगी आगाऊ वाटली. पोहे मात्र संपवूनच उठले.

मी परत आले त्याच दिवशी त्यांचा फोन आला. घरात गोरी धाकटी आहे हे त्यांना कुठूनसं कळलं होतं. तिचं करणार असाल तर आमची तयारी आहे म्हणे.

"घर तर चांगलं हाय," वडील आईकडे बघत म्हणाले. बहीण दारात उभी राहून दोघांच्या तोंडाकडे बघत होती. कुणीतरी 'नाही' म्हणेल म्हणून ती थांबली होती, आणि कुणी म्हणेना. माझं डोकंच फिरलं.

"मला न्हाई करायचं तिथं!" मी ओरडले.

बहिणीसाठी पोरीनं एवढं स्थळ सोडलं म्हणून भावकीत माझं केवढं कौतुक झालं. बहीण तेवढी म्हणाली, "तुला काय गं, तुला दुसरं येईल."

ते आलंही, पुढच्याच आठवड्यात.