सौताड्याच्या कड्यावर

पोळा होऊन आठ दिवस झाले असतील. मुलगी म्हणाली, पप्पा, सौताड्याला धबधबा बघायला जाऊ, दोघंच. माझी थोरली, चोवीस वर्षांची, बीडला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. साखरपुडा झालेला, मुलगा गेवराईचा, लग्न दिवाळीनंतर. अशा मुलीनं मैत्रिणी सोडून बापाला धबधब्यावर न्यावं, हे मला विचित्रच वाटलं.

पंधरा दिवसांपासून तिचं काही ठीक नव्हतं. ताटावर बसून भाकरीचे नुसते तुकडे करत राहायची. फोन वाजला की दचकायची, अंगणात जाऊन हळू आवाजात बोलायची आणि परत यायची ती उतरलेल्या चेहऱ्यानंच. मी एकदोनदा खेकसलो, काय झालंय ते बोल म्हणून. ती काही नाही म्हणाली. मी शाळेत तीस वर्षं पी.टी. शिकवली. खेकसणं हीच मला येणारी चौकशी.

त्याच उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका पोरीनं विहीर जवळ केली होती. तीही महिनाभर गप्प गप्प होती, असं नंतर जो तो सांगत होता. हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं, पण बायकोजवळसुद्धा बोलायची छाती झाली नाही. निघताना बायको दारापर्यंत आली आणि म्हणाली, “नीट घिऊन या तिला.” एरवी ती असं कधी म्हणत नाही.

नांदूरघाटहून पाटोदा आणि पुढं सौताडा, मोटारसायकलवरच्या एवढ्या वाटेत पोरीनं माझ्या खांद्याला हात लावला नाही. मागची दांडी धरून बसली होती. मी आरशातून तिच्याकडे बघत होतो आणि दोनदा खड्ड्यात गाडी घातली.

पाणी दिसायच्या आधी त्याचा आवाज आला. त्या वर्षी धार जोरात होती. वरून सरळ दरीत पडत होती आणि तळाचं रामेश्वराचं देऊळ तुषारांत अर्धं झाकलं होतं. मी गाडी लावून कुलूप घालेपर्यंत ती पुढं गेली. लोक कठड्याशी उभे राहून फोटो काढत होते. ती त्यांच्यात थांबली नाही. कठडा जिथं संपतो तिथून पुढं, उघड्या खडकावर गेली.

मी हाक मारली. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारी माझी हाक, पण इथं ती दहा पावलांवरही गेली नाही. पळत जावं तर ती दचकेल आणि पाय सटकेल, म्हणून मी चालत गेलो. खडक शेवाळलेला, माझ्या चपला झिजलेल्या. तिच्यापुढं दरीपर्यंत चार पावलं उरली होती. तिच्या हातातला फोन उजळला. तिनं बघितलं, बंद केला, पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन लावली. फोन ठेवला म्हणजे आता काय, असं माझ्या मनात आलं. उरलेलं अंतर कसं कापलं ते मला आठवत नाही.

मी तिचं मनगट धरलं.

“पप्पा, हात दुखायलाय.”

मी तिला कठड्याच्या आत आणलं, तरी हात सोडला नाही. तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, इथं कशाला आलीस, जिवाचं काही... पुढं मला बोलवेना. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, तसलं काही नाही, तुमच्या मनात तसलं कसं आलं. आणि मग तिनं सगळं सांगितलं. तो मुलगा तासातासाला फोन करतो, कुठं आहेस, शेजारी कोण आहे, फोटो पाठव म्हणतो. गेल्या आठवड्यात लॅबवर येऊन सगळ्यांसमोर तिचा फोन हिसकावून बघितला. तिला ते लग्न करायचं नव्हतं. हे तिच्या आईला माहीत होतं, धाकट्याला माहीत होतं, पलीकडच्या गल्लीतल्या तिच्या काकूलाही माहीत होतं. मलाच तेवढं माहीत नव्हतं.

“मग मला कावून न्हाई सांगितलं?”

“घरी सांगितलं असतं तर तुमी वरडला असता. सगळी गल्ली गोळा झाली असती. हितं कितीबी वरडा पप्पा, कुणाला ऐकू जायचं न्हाई.”

खोटं कशाला सांगू, मी ओरडणारच होतो. ठरवलेलं कार्यालय, चार पाहुण्यांत दिलेला शब्द, सगळं घशाशी आलं होतं. तिच्या वाक्यानं ते तिथंच अडकलं. मी वाटभर तिच्या जिवाला घाबरत होतो आणि ती वाटभर माझ्या तोंडाला. मला लाज वाटली. लोकांच्या गर्दीत मी रडलो आणि तुषारांमुळे कुणाला कळलं नाही.

मी म्हणालो, नाही करायचं लग्न. मी बोलतो त्यांच्याशी.

तिला ऐकू गेलं नाही. जरा आवाज चढवला असता तर गेलं असतं, पण मला चढवता येईना. मी पुन्हा तेवढ्याच हळू म्हणालो. मग ती जवळ सरकली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तिचा कान माझ्या तोंडाशी आणला.