पाचव्या भागाचा सूड

मोठ्या काकांची नजर गेली तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. पप्पांनी फोनवर सांगितलं की डोळ्यांचे पडदे निकामी झालेत, आता नुसत्या सावल्या दिसतात, वाचन कायमचं बंद. मी "अरेरे" म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता कळेल. हातातलं पुस्तक काढून घेतलं की माणसाचं काय होतं, ते आता कळेल त्यांना.

राग जुना आहे, पण मी तो शिळा होऊ दिलेला नाही. विश्रांतवाडीला आमच्या वसाहतीत जयंतीला हार-फुलांऐवजी वह्या-पुस्तकं वाहायची पद्धत होती, अजूनही आहे. जमलेली पुस्तकं विहारामागच्या अभ्यासिकेत जायची. ती अभ्यासिका मोठ्या काकांनी उभी केलेली. काका पाटबंधारे खात्यात अधिकारी होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदा चढले ते, आणि धाकट्या भावाला, म्हणजे पप्पांना, हाताला धरून शिकवलं तेही त्यांनीच. त्या अभ्यासिकेत बसून वसाहतीतली कितीतरी मुलं फौजदार झाली, तहसीलदार झाली. हे सगळं खरं आहे, आणि खरं असल्यामुळेच काकांपुढे कोणी ब्र काढत नसे.

जयंतीच्या आधी काका स्वतः घरोघरी फिरून पुस्तकं गोळा करायचे. मी अकरावीत होते त्या वर्षी ते आमच्या घरी आले, माझ्या कपाटापुढे उभे राहिले आणि त्यांनी पाच जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या बाहेर काढल्या. एकाच कथेचे पाच भाग. एका मुलीचं राज्य तिचा पालकच गिळंकृत करतो आणि ती ते परत मिळवायला निघते, अशी ती कथा. त्यात ड्रॅगन होते, शापित किल्ले होते, बोलणारी अरण्यं होती. चार भाग मी वाचले होते. पाचवा परीक्षेचा शेवटचा पेपर झाल्यावर वाचायचा असं मीच स्वतःला बजावून ठेवलं होतं. इतकी शहाणी मुलगी होते मी.

काकांनी मुखपृष्ठ डोळ्यांजवळ नेलं. "हे काय आहे? पाल?"

"ड्रॅगन आहे, काका. आणि ही पुस्तकं अभ्यासाची नाहीत."

"दिसतंच आहे ते."

अभ्यासिकेत ठेवायलासुद्धा त्यांना ती नको होती. मुलांची डोकी बिघडतील म्हणे. ती सरळ रद्दीत घालायची होती. मी आडवी गेले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "आपल्या लोकांसाठी पुस्तक ही शिडी आहे, बाई. खेळणं नाही. राक्षसच बघायचे असतील तर आमच्या खात्यात ये एकदा." पप्पा पंख्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी मी रद्दीच्या दुकानात धावत गेले तर माल सकाळीच उचलला गेला होता.

मी तेव्हा शपथ घेतली. शपथा घ्यायला त्या पुस्तकांनीच शिकवलं होतं, त्यामुळे हसायचं तर हसा. शपथ अशी होती की काका स्वतःच्या हाताने मला पाचवा भाग आणून देतील आणि "माझं चुकलं" म्हणतील, तेव्हाच मी तो वाचीन. तोपर्यंत त्या मुलीचं काय झालं ते मला कळलं नाही तरी चालेल. पुढे नोकरी लागली, खराडीत ऑफिस, तिथेच घर. फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात पहिले चार भाग सापडले तेव्हा मी ते घेतले. पाचवाही तिथेच होता. त्याला मी हात लावला नाही.

मला पुष्कळ जण विचारतात की या वयात तुला हे असलं वाचायला कसं आवडतं. ऑफिसातले तर फारच विचारतात. मी त्यांना नकाशांबद्दल सांगते, सुरुवातीच्या पानावर घडी घालून ठेवलेले ते डोंगर आणि नद्या, महिनोन्‌महिने चालणं, शेकोटीवर भाजलेला पाव. ते सगळं आवडतंच. पण खरं कारण मी कोणाला सांगत नाही. त्या पुस्तकांमध्ये कोणी काही विसरत नाही. पहिल्या भागात केलेला अन्याय पाचव्या भागात दारात येऊन उभा राहतो. आमच्या ऑफिसात तुमचं काम स्वतःच्या नावावर खपवणाऱ्याला बढती मिळते, आणि आपण त्याच्या निरोपसमारंभात समोसे खातो. मला ते पचत नाही. हजार पानं लागू देत, दोन पिढ्या जाऊ देत, पण हिशेब व्हायला हवा असं मानणारं एकच साहित्य मला माहीत आहे, आणि त्याच्या मुखपृष्ठावर पाल असते.

तर, काकांचं वाचन बंद झालं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा परदेशात. मी घरी गेले तेव्हा पप्पा चाचरत म्हणाले, "रविवारी जरा वाचून दाखवत जाशील का त्यांना? माझ्याच्याने होत नाही आता." मी लगेच हो म्हटलं. इतकं लगेच, की पप्पांनी माझ्याकडे संशयाने बघितलं.

पहिल्या रविवारी काकांनी फर्मावलं की वर्तमानपत्रातला अग्रलेख वाच. मी वाचला. मग पिशवीतून पहिला भाग काढला आणि म्हटलं, "आता माझ्या पसंतीचं. नाहीतर पुढच्या रविवारी मला काम आहे." काकांनी जबडा आवळला आणि ते खुर्चीत मागे टेकले. माझं इंग्रजी वाचन त्यांनी एक पानभर सहन केलं. "मराठीत सांग," ते म्हणाले. "तुझे उच्चार ऐकून लेखकाला भरपाई मागावीशी वाटेल." तेव्हापासून मी इंग्रजी पानावर नजर ठेवून मराठीत वाचू लागले.

सुरुवातीला ते फक्त चुका काढत. सैन्य वाळवंट ओलांडायला लागलं की विचारत, "पाण्याची सोय काय केली आहे? एवढी घोडी आहेत." राजवाड्यातल्या कारस्थानाचं वर्णन आलं की म्हणत, "हे आमच्या खडकवासल्याच्या ऑफिसात चहापर्यंत उरकायचं." मग हळूहळू शेरे कमी झाले. ती मुलगी बर्फाच्या खिंडीत एकटी सापडली त्या दिवशी त्यांचा चहा कपात तसाच राहिला. मला हवं होतं ते झालं होतं. काका गळाला लागले होते.

मग मी सुरुवात केली. दर रविवारी नेमक्या जागी थांबायचं. दरवाजा उघडतो आहे आणि आत कोण आहे ते दिसणार आहे, तिथे पुस्तक मिटायचं. विषाचा पेला ओठांपाशी आहे, तिथे "निघते, ट्रॅफिक लागेल" म्हणायचं. काका कधी "अजून थोडं" म्हणाले नाहीत. तसं म्हणणं त्यांच्या रक्तात नाही. पण बुधवारी फोन यायचा. गॅसचं बुकिंग कसं करतात, असं काहीतरी विचारायचे, आणि मग सहज म्हटल्यासारखं, "ते त्या दिवशी पेल्याचं चाललं होतं, ते किरकोळच असेल ना?" मी म्हणायची, "आठवत नाही हो काका." फोन ठेवल्यावर मला जेवण जास्त गोड लागायचं.

चौथा भाग संपला. मुलगी सैन्य घेऊन राजधानीच्या वेशीपाशी उभी, आत तो पालक, आता म्हातारा झालेला. मी पुस्तक मिटलं.

"पाचवा काढ," काका म्हणाले.

"पाचवा नाही."

"नाही म्हणजे?"

"रद्दीत गेला."

"कोणी घातला?"

"तुम्ही."

हा क्षण मी इतक्या वर्षांत नाही म्हटलं तरी शेकडो वेळा मनात रंगवला होता. दर वेळी ते गडबडायचे, डोळे पुसायचे, म्हणायचे, पोरी, माझं चुकलं. प्रत्यक्षात काकांनी खुर्चीच्या हातावरून हात फिरवला आणि म्हणाले, "असेल." मग म्हणाले, "अग्रलेख राहिला आहे आजचा." मी तो वाचला, एकेक शब्द चावत. त्यानंतरचे कित्येक रविवार मी त्यांना पाणीवाटपावरचे आणि करवाढीवरचे अग्रलेख वाचून दाखवले, आणि दोघांपैकी एकानेही त्या मुलीचं नाव काढलं नाही.

मग एका रविवारी मी गेले तर टेबलावर पुठ्ठ्याचं पार्सल होतं. काकांनी दुकानात फोन करून पुस्तक मागवलं होतं. नाव सांगताना दुकानदाराशी भांडलेही असणार, कारण शेजारच्या बाई मला जिन्यातच म्हणाल्या होत्या की परवा तुमचे काका फोनवर एकसारखे ड्रॅगन ड्रॅगन करत होते. काकांनी चाचपडत पार्सल उचललं आणि माझ्यापुढे धरलं.

"घे. वाच."

एवढंच म्हणाले. अर्धी शपथ पुरी झाली होती आणि अर्धी तशीच लोंबकळत राहिली होती. मी पुस्तक घेतलं. न घेणं मला जमायला हवं होतं, पण वेशीपाशी ती मुलगी माझ्या सोळाव्या वर्षापासून उभी होती. मलाही आत जायचं होतं.

आम्ही पाचवा भाग वाचला. मी आता मध्ये थांबत नव्हते, दिवस कलेपर्यंत वाचायची. शेवटचं प्रकरण राहिलं तेव्हा मात्र मी पुस्तक पिशवीत टाकून खराडीला घेऊन आले. काकांच्या आधी मला तो शेवट माझ्यासाठी हवा होता. सकाळी बाल्कनीत बसून मी तो वाचला.

ती मुलगी सिंहासनाच्या दालनात येते. पालक एकटाच बसलेला असतो, त्याच्या हाताला तलवार पेलत नाही. तो तिच्याकडे बघतही नाही, माफी मागणं तर दूरच. ती तलवार उगारते, बराच वेळ तशीच उभी राहते, आणि मग खाली घेते. "जा," म्हणते. तो जातो, आणि राज्यात वसंत येतो.

माझा इतका संताप झाला की मी पुस्तक बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाला भिरकावलं. याच्यासाठी पाच भाग? ज्याने आयुष्य लुबाडलं तो माफीचा एक शब्दही न उच्चारता दारातून चालता होतो, आणि वर वसंत? मी फसवली गेले असं मला वाटलं. मग मी चहा केला, आणि चहा पिता पिता ठरवलं की काकांना हा शेवट ऐकायला मिळणार नाही. ते पान बघू शकत नव्हते. त्यांना मी वाचीन तेच छापलेलं असणार होतं.

पुढच्या रविवारी मी त्यांच्यासमोर पुस्तक उघडून बसले आणि शेवटचं प्रकरण वाचू लागले. दालनापर्यंत सगळं जसंच्या तसं वाचलं. मग माझं सुरू केलं. पालक सिंहासनावरून उतरतो. गुडघे टेकतो. आणि म्हणतो, "माझं चुकलं. जे तुझं होतं ते मी घेतलं, आणि तुला विचारलंसुद्धा नाही."

"थांब," काका म्हणाले.

मी थांबले.

"तो असं म्हणणार नाही."

"कोण?"

"तो पालक." काकांचा चेहरा खिडकीच्या उजेडाकडे होता. "त्याला ते कळलेलं असणार. फार पूर्वीच. पण असली माणसं म्हणत नाहीत. एकदा वेळेवर म्हटलं नाही की मग पुढे कसं म्हणायचं तेच त्यांना उमजत नाही. मी ओळखतो त्याला. तू छापलं आहे ते वाच."

मला कळलं. न कळण्याइतकी मी मूर्ख नाही. त्यांच्याकडून याच्यापेक्षा जास्त काही कधीच येणार नव्हतं, आणि एखाद्या मोठ्या मनाच्या बाईने तेवढ्यावर पुस्तक मिटून त्यांच्या हातावर हात ठेवला असता. माझा हात पानावर होता. तो मी तिथेच ठेवला.

"छापलंय तेच वाचतेय, काका."

आणि ते वाक्य मी पुन्हा वाचलं. सावकाश, शब्द सुटे करून, त्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात. माझं चुकलं. जे तुझं होतं ते मी घेतलं, आणि तुला विचारलंसुद्धा नाही. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मग?" त्यांनी विचारलं. "सोडते का ती त्याला?"

"नाही," मी म्हणाले.