रापणीच्या वाटेतला मांडव

संदेशनं माझ्या मांडवाच्या खांबावर हात ठेवला आणि म्हणाला, "शेठ, हो मांडव हयसून काढा. रापण येतली."

मी खुर्चीतून उठलोसुद्धा नाही.

"गेल्या साली खुर्च्या, औंदा रापण व्हय?" मी म्हणालो. "पुढच्या साली काय काढणार?"

मी सोलापूरहून कोकणात टूर नेतो. नवी पेठेच्या मागं माझं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक फोन आणि भिंतीवर समुद्राचा फोटो. मूळचा मी मंद्रूपचा. आमच्या घरात मेंढरं होती, समुद्र कुणी बघितला नव्हता. मी बसवर क्लीनर लागलो, मग ड्रायव्हर झालो, मग स्वतःची बस घेतली. टायरवाला, लॉजवाला, जेवणवाला, सगळ्यांशी घासाघीस करत इथवर आलो. त्यातून मी एकच गोष्ट शिकलो होतो. समोरचा माणूस पहिल्यांदा जे बोलतो ती त्याची बोली असते. ती तशीच मान्य करणारा धंद्यात टिकत नाही.

आणि हा संदेश तर माझ्या डोक्यात आधीपासूनच बसलेला होता. त्याचा त्या किनाऱ्यावर छत्र्या आणि खुर्च्या भाड्यानं द्यायचा धंदा. आदल्या वर्षी माझ्या पार्टीत एक रिटायर्ड शिक्षिका होत्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या. त्या रिकाम्या खुर्चीत जरा टेकल्या, तर हा येऊन म्हणाला, नारळपाणी तरी घ्या, नाहीतर उठा. मी भांडलो. किनारा काय तुझ्या आज्यानं बांधला का, असं सगळ्यांदेखत विचारलं. तो म्हणाला, "वाळू सरकारची, खुर्ची माझी." मला त्याचं उत्तर सुचलं नाही, याचाच जास्त राग आला. त्या बाई उन्हात बसकडे चालत गेल्या.

तेव्हाच ठरवलं, पुढच्या टूरला खुर्ची आपली, सावली आपली.

टूरच्या भाषेत आम्ही याला नुसतं 'सामान' म्हणतो. प्लास्टिकच्या खुर्च्या, लोखंडी पाइप, नवी ताडपत्री, गॅसची शेगडी, पातेली, स्पीकर. सगळं बसच्या टपावर. आमच्याकडे मांडव घालायचा म्हणजे घण घेऊन खुंट्या ठोकायच्या, वावटळ आली तरी हलत नाही. वाळूत खुंटी धरत नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. मग मी युक्ती काढली. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरायची, पोत्याला दोर बांधायचा आणि पोतं खोल पुरायचं. मांडव असा उभा राहिला की मीच चारी बाजूंनी फिरून बघितला.

त्या वेळची पार्टी म्हणजे पॉवरलूम वस्तीतल्या एका बचत गटाच्या बायका. गटाची पुढारी लिंगम्मा. तिनंच बस भरली होती आणि माझ्याशी तिनं जी घासाघीस केली, ती करणारा माणूस मला आजवर भेटला नाही. बायकांनी चादरी अंथरल्या, ड्रायव्हर रज्जाकनं शेगडीवर चहा ठेवला आणि तेवढ्यात संदेश आला.

"शेठ, खोटा नाय सांगत," तो म्हणाला. "आमचो दोर हयसूनच वर येता. लय दिसांनी मासळी लागली हा. वाडी सगळी उतरली."

रापण म्हणजे काय, ते वाचकांना सांगतो, कारण मलाही तेव्हा माहीत नव्हतं. होडीतून एक लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल टाकत नेतात. जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात. किनाऱ्यावर माणसांच्या दोन रांगा ते दोर ओढतात आणि ओढत ओढत एकमेकींकडे सरकतात. दोन्ही बाजू सारख्या ओढल्या पाहिजेत. एक बाजू थांबली की जाळं वाकडं होतं, खालची कड उचलली जाते आणि मासे तिथून निघून जातात. त्यामुळं मधला किनारा मोकळा लागतो. माझा मांडव बरोबर एका रांगेच्या वाटेत होता.

मी समुद्राकडे बघितलं. होडी जात होती. टोपल्या घेतलेल्या बायका होत्या. एक म्हातारा खडकावर उभा राहून पाण्याकडे बघत होता. हे सगळं मला दिसलं. तरी माझ्या डोक्यात एवढंच आलं, की मांडव निघाला की माझ्या बायका उन्हात येणार, आणि उन्हात आल्या की याच्याच छत्रीखाली जाणार.

"पुढचे दोन खांब काढतो," मी म्हणालो.

"सगळो काढूक होयो, शेठ."

"मग चहा होऊ दे. चहा झाला की काढतो. आणि वाडीला चहापाण्याचं काय असंल ते सांग."

संदेशनं एकदा समुद्राकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. काही न बोलता तो पळत गेला. आमच्या धंद्यात समोरचा गप्प झाला की व्यवहार ठरला असं समजतात. मी रज्जाकला म्हणालो, "बघ, जमलं."

चहा उकळायच्या आत दोर आला.

माणसं पाठमोरी, कमरेला रेटा देत येत होती. दोर ओला, मनगटाएवढा जाड. तो माझ्या पाइपला घासला आणि सगळा मांडव करकरला. आतल्या बायका किंचाळल्या. लिंगम्मा बाहेर आली आणि कपाळावर हात धरून बघायला लागली. "अय्यो मालक, हे तर खरंच मासे धरतेत की!"

ती रांग थांबली. पलीकडची रांग ओढतच होती. खडकावरचा म्हातारा ओरडत खाली आला. तो तांडेल, म्हणजे रापणीचा प्रमुख. मला त्याची भाषा सगळी कळली नाही, शिव्या कळल्या.

"शेठ, रस्सी काटू क्या?" रज्जाकनं कोयता उचलला.

"थांब, खाली गॅस चालू हाय!"

शेगडी बंद केली, पातेलं उचललं, बायका बाहेर काढल्या. मांडवाचे दोर कापले तरी पाइप पडेनात, कारण बुडाशी ते मी पोत्यांना तारेनंही आवळले होते. माझं काम पक्कं असतं. संदेश गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी वाळू उपसत होता. मी त्याच्या शेजारी बसून उपसायला लागलो. पोतं काही केल्या वर येईना.

जाळ्याच्या आतलं पाणी मघाशी उकळी फुटल्यासारखं हलत होतं. बघता बघता ते शांत झालं आणि जाळ्याच्या बाहेर तसंच हलायला लागलं. मग तेही शांत झालं. किनाऱ्यावरच्या टोपलीवाल्या बायका एकदम गप्प झाल्या, तेव्हा मला अर्थ कळला.

पाइप निघाले. वाट मोकळी झाली. काहीतरी केलं पाहिजे म्हणून मी ओरडलो, "बायांनो, चला! हात लावा दोराला!"

गटातल्या सगळ्या धावल्या. पदर खोचले आणि दोन्ही रांगांत घुसल्या. दिवसभर लूमवर उभ्या राहणाऱ्या बायका, त्यांनी दोर असा ओढला की वाडीतली पोरं हसायला लागली. मीही ओढला. हाताची सालं निघाली आणि मला जरा बरं वाटलं. वाटलं, फिटलं.

जाळं वर आलं. थोडे बांगडे, काही खेकडे, प्लास्टिकच्या बाटल्या आणि शेवाळ.

मग वाटे घालायला सुरुवात झाली. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, आणि मग माणसांचे. वाडीतली एक म्हातारी वाळूवर बांगड्यांचे ढीग मांडत होती. मांडून झाल्यावर तिनं मान वर केली, माझ्या बायका बघितल्या आणि पुन्हा वाकली. प्रत्येक ढिगातून काढून काढून ती नवे ढीग घालायला लागली. जुने ढीग बारीक होत गेले.

मी तांडेलाकडे धावलो. "आमच्या बायकांना नको. त्या हौसेनं ओढत होत्या."

"दोरयेक ज्येचो हात लागलो, त्येका वाटो," तो म्हणाला.

"पण मासे गेले ते माझ्यामुळं. नुकसानीचं मी..."

"ठेव ता खिशात!" म्हातारा कडाडला. "नि तो मांडव तुझ्या दारात घाल, लगीन लाव त्यात कोणाचातरी!"

वाडीतली माणसं हसली. हसण्यासारखं ते होतंच. मी मान खाली घातली. इतकी वर्षं मी प्रत्येक बोलीवर बोली लावत आलो. इथं लावायला काही नव्हतं.

लिंगम्माला तीन बांगडे मिळाले. ती खूश झाली, पिशवीत घालून मोबाइलवर फोटो काढला. मग तिचं लक्ष शेजारी गेलं. ढीग घालणाऱ्या म्हातारीनं स्वतःच्या टोपलीत तीनच बांगडे टाकले होते.

"मालक, ह्यांना पण एवढेच व्हय?" ती हळूच म्हणाली. "माझ्याएवढेच?"

लिंगम्मानं आपले बांगडे म्हातारीच्या टोपलीत टाकायला हात पुढं केला. म्हातारीनं टोपलीवर तळवा आडवा धरला.

"नको गो बाय. तुझो तुका."

"चल आये," संदेश म्हातारीला म्हणाला. ती त्याची आई होती. दोघं वाडीकडे निघाले. मांडवाच्या जागी उपसलेले खड्डे होते. ते त्यानं जाता जाता पायानं बुजवले, म्हणजे कुणी अडखळू नये.

लॉजवर संध्याकाळी बांगडे तळले. बायकांनी आग्रह केला. पोट बिघडलंय सांगून मी बसमध्ये जाऊन बसलो. माझ्या नावाचा वाटाही रज्जाकनं पिशवीत आणला होता. तो त्यानंच खाल्ला.

सोलापूरला परतल्यावर गटातल्या बायकांनी ऑनलाइन भरभरून लिहिलं. स्वतःच्या हातानं मासे धरले, अशी टूर दुसरी नाही. आता फोन येतात, ती मासे ओढायची ट्रिप कधी आहे? मी सांगतो, अशी ट्रिप नसते. लोकांना वाटतं मी भाव वाढवतोय.

खुर्च्यांच्या बाबतीत मी आजही माझ्या मतावर ठाम आहे. म्हाताऱ्या बाईला उठवणं बरोबर नव्हतं. पण तो हिशोब मी संदेशशी मांडायला हवा होता. तो मी सगळ्या वाडीकडून वसूल केला.

अजून तिकडे टूर नेतो. सामान टपावरच ठेवतो, आधी वाडीत जाऊन विचारतो, आज रापण आहे का. आहे म्हणाले की मुकाट्यानं दुसरीकडे जातो, भाव न करता. आणि बसमधून उतरण्यापूर्वी पॅसेंजरांना बजावतो, कुणी बोलावल्याशिवाय दोराला हात लावायचा नाही. मदत म्हणूनसुद्धा नाही.