तहरीमनं मोडलेले डबे

जळकोटला हमरस्त्यालगत लालमहंमद यांची पिठाची गिरणी आहे. आधी दाणा संपू द्यायचा, मग जातं झाडायचं, मगच विजेचा खटका पाडायचा, ही त्यांची रीत. नुसता खटका पाडून घरी जाणाऱ्याला ते माणसात धरत नसत. त्यांची मुलगी तहरीम हे ऐकतच वाढली.

तिच्या अम्मीच्या, सायराबीच्या, घशाला गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, असं सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशनची तारीख येईपर्यंत तहरीमनं अम्मीला बोलतं ठेवलं. हळदीची गाणी, शिव्या, "अगे तहरीम" म्हणून मारलेल्या हाका. फोनपुढं बोललेलं थेट गिरणीमागच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर जायचं; फोनमध्ये काही उरत नसे.

त्या कॉम्प्युटरवर तिनं अम्मीचे आवाज ऐकवणारं एक वेब-पान उभं केलं होतं. हे काम ती अजून शिकतच होती. पान चालवायला कॉम्प्युटरच्या आत तीन डबे मांडले होते, कंटेनर म्हणतात तसले. एका डब्यात गाण्यांची नावं, दुसऱ्यात आवाज, तिसऱ्यात डोळ्यांना दिसणारं पान. प्रत्येकाचं बिऱ्हाड वेगळं. कुणी कुणाशी बोलायचं ते एका फायलीत लिहायचं. मग एकच आज्ञा दिली की तिन्ही डबे उठून कामाला लागतात.

ऑपरेशननंतर अम्मी रोज तिथं येऊन, आपलीच गाणी लावून बसायची.

"सायराबी, आता तोंड मिटून गातीस व्हय? नवऱ्याला बरं झालं की गं!" दळण घेऊन आलेली शांतम्मा म्हणायची. अम्मीचे नुसते खांदे हसायचे.

लाईट जायची, यायची. डबे पुन्हा उठायचे. गाणी जागच्या जागी असायची.

मग खोलीला चुना द्यायचं ठरलं. कॉम्प्युटर हलवायचा म्हणून तहरीमनं अब्बांच्या रीतीनं सगळं नीट आवरलं. डबे थांबवून मोडून टाकणारी आज्ञा दिली; फायलीवरून ते पुन्हा उभे करता येतात. नुसती वायर ओढली असती तरी चाललं असतं.

चुना वाळला. तिन्ही डबे नव्यानं उभे राहिले. नावं सगळी होती. कुठल्याही नावावर माउसनं टिचकी मारली तरी आवाज येईना.

डबा मोडला की आतलं त्याच्याबरोबर जातं. जपायचं ते डब्याबाहेर ठेवावं लागतं, आणि ती बाहेरची जागा फायलीत लिहावी लागते. नावांसाठी तिनं ती ओळ लिहिली होती. आवाजांसाठी लिहायची राहिली होती.

"बंद करताना काय चुकलं का?" अब्बांनी दारातून विचारलं.

"न्हाय अब्बा. मांडतानाच चुकलं होतं. बंद केल्यावर कळलं."

अब्बा हातावरचं पीठ झटकत राहिले.

तेवढ्यात अम्मी आली, नेहमीच्या जागी बसली. तिनं पहिल्या गाण्यावर टिचकी मारली. थांबली. स्पीकरची कळ पिळत पिळत शेवटपर्यंत नेली. स्पीकर नुसता घरघरला. तिनं वळून तहरीमला हातानं खूण केली, मोठं कर.

"एवढाच होतो, अम्मी," तहरीम म्हणाली.