खाट उचलणारे सुखरामजी

गोंदियाला उतरलो तेव्हा पिशवीत दोन जोड कपडे आणि एका निवृत्त नर्सबाईंचं आत्मचरित्र होतं. त्यातलं एक प्रकरण वाचून मी ढसाढसा रडलो होतो. नागझिऱ्याच्या जंगलाकडच्या खेड्यात नोकरीला असताना बाईंना हिवतापाने गाठलं. नाल्याला पूर, रस्ता बंद. चौघांनी त्यांना खाटेवर घालून सडकेपर्यंत नेलं, तेही हसतमुखाने, एका शब्दानेही न कुरकुरता.

हे वाक्य मला फार लागलं. अर्धांगवायू झालेल्या बाबांना मी रोज उचलतो, पण तोंडाचा पट्टा चालू असतो. पुस्तक वाचल्यावर मीही हसतमुखाने, मुकाट्याने सेवा करून पाहिली. आठवडाभरात गाल दुखायला लागले. मनापासून जमत नसेल तर बाबांना वृद्धाश्रमात ठेवलेलं बरं, असं मी बहिणीपाशी बोलून बसलो. पक्कं ठरवण्याआधी त्या चौघांपैकी हयात असलेल्या सुखरामजींना एकदा बघून यावं, म्हणून बहिणीला बाबांजवळ ठेवून निघालो.

स्टेशनबाहेर मी घोटीव मराठीत चौकशी केली. रिक्षावाल्याने हिंदीत उत्तर देऊन मला बसस्टँडवर सोडलं. बस सुटली, फुलचूर गाव मागे पडलं आणि दोन्हीकडे धान कापलेल्या बांध्या (भाताची खाचरं) सुरू झाल्या.

गावात शिरताच एका बाईने सुखरामजींचं घर दाखवलं. अंगणात एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मी थेट त्यांचे पाय धरले. रडत रडत पुस्तकातली दोन वाक्यंही म्हणून दाखवली. त्यांनी डोक्यावर हात ठेवून भरभरून आशीर्वाद दिला. ते सुखरामजींचे व्याही निघाले, बैल बघायला आलेले.

खरे सुखरामजी गोठ्यातून हात पुसत आले. "काऊन जी, रडून राहिले तुम्ही?"

मी ते प्रकरण त्यांना वाचून दाखवलं. ऐकता ऐकता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"खोटं हाय," ते म्हणाले. "बाई लय जड होती. चिखलात पाय फसून राहिले होते. मी तिले शिव्या देल्या, नाल्याले देल्या, सरकारलेबी देल्या."

घरी आल्यावर उरलेल्या आपल्याला मिळाल्या, असं त्यांच्या बायकोने आतून सांगितलं.

माझा चेहरा पडला असावा. एवढं जड होत होतं तर खाट खाली का नाही ठेवली, असं मी विचारलं.

"ठेवाची कायले? बाई मरून गेली असती नं." त्यांना माझी कीव आली. "शिव्या तोंडानं देऊन राहिलो होतो जी. खाट त खांद्यावर होती."

मग त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. भात आणि लाखोळीच्या पाल्याची भाजी होती. भाजीत मीठ कमी म्हणून ते बायकोवर करवादले आणि आपल्या ताटातली अर्धी भाजी मला वाढली. पुस्तकातल्या चार देवमाणसांपेक्षा हा करवादणारा माणूस मला फार आवडला. माणसं चांगली असतात, यावर माझा तिथे पाटावर बसून विश्वास बसला. शिवाय इतपत चांगलं होणं मलाही झेपण्यासारखं होतं.

घरी पोचलो तेव्हा बाबांना उठवून बसवायचं होतं.

"बाबा, जरा तुम्हीही जोर लावा, पाठ मोडली माझी," मी वैतागलो.

बाबांचा वाकडा झालेला चेहरा खुलला. अडखळत म्हणाले, "आलास का ठिकाणावर? आठवडाभर नुसता हसत होतास. मला वाटलं, कुठेतरी नेऊन ठेवणार मला."

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मला पुढचं नीट दिसेना.

"इथेच राहायचंय तुम्हाला," मी ओरडलो, आणि त्यांना उचलता उचलता आणखी चार शब्द सुनावले.