म्हाळाच्या पानावरचं पिल्लू

नाहूरचा पूल दिसायला लागला तशा वनमालाकाकी थांबल्या. हातगाडीचा दांडा सोडून त्यांनी पदराने मान पुसली आणि म्हणाल्या, "जरा थांब गो शुभा. हेंका ऊन लागता."

गाडीवर सुलतान होता. ग्रेट डेन जातीचा, अडीच वर्षांचा कुत्रा. उभा राहिला असता तर काकींच्या कमरेच्या वर लागला असता, पण तो अकरा दिवस उभा राहिला नव्हता. काकींनी गाडीवर जयवंतकाकांची घोंगडी अंथरली होती आणि वरून आपली जुनी साडी घातली होती. साडीला पडून पडून कुशीला झालेल्या जखमांचं पाणी लागलं होतं, त्यावर माश्या बसत होत्या. मी हातातल्या पंख्याने त्या हाकलत होते.

भांडुपहून निघालो तेव्हा साडेसात वाजले होते. तीन रिक्षा थांबल्या आणि कुत्रा बघून निघून गेल्या. एकाने विचारलं, "मावशी, ये कुत्ता है या बछडा?" शेवटी कांदे-बटाटे विकणाऱ्या गुणाजींनी हातगाडी दिली. आमच्या चाळीतल्या चौघांनी चादरीची झोळी करून सुलतानला तिसऱ्या मजल्यावरून खाली आणलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो एकदा ओरडला. काकी मागून उतरत होत्या, त्यांनी कठडा धरला आणि तशाच उभ्या राहिल्या.

आम्ही मुलुंडला जनावरांच्या दवाखान्यात निघालो होतो. तिथल्या डॉक्टरीणबाई गेल्या आठवड्यात घरी येऊन बघून गेल्या होत्या. कमरेचे सांधे गेलेत, पुढचे पाय आता सरळ होणार नाहीत, जखमा हाडापर्यंत पोचल्यात, त्याला फार दुखतंय, असं त्यांनी बसून नीट समजावलं. आता इंजेक्शन देऊन कायमचं झोपवणं एवढंच हातात आहे, म्हणाल्या. काकी त्यावर हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. आज सकाळी शेजारून माझ्या दारात येऊन "चल, मुलुंडाक जावया" इतकंच बोलल्या. त्या औषध आणायला निघाल्यात की त्याला सोडवायला, हे मी अजून विचारलं नव्हतं. गाडी ढकलताना माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

एक बाई भाजीची पिशवी घेऊन जवळ आली. "मेलाय का हो?" तिने विचारलं.

"तुझ्या घरातला कोण मेला काय बघ जा," काकी म्हणाल्या. "मेले नाय हत. निजलेत."

ती बाई माझ्याकडे बघत बघत गेली. कुत्र्याला कुणी 'निजलेत' म्हणतं, याचं तिला नवल वाटलं असणार. आमच्या चाळीला सवय झाली होती. पहिल्या वर्षी पोरं नळावर नक्कल करायची, "अहो सुलतानराव, चला, फिरायला चला." काकी हसून सोडून द्यायच्या.

काकी त्याला अहो-जाहो का करतात हे मला माहीत आहे, कारण त्याला मीच कारण आहे.

काकी कुडाळकडच्या. लग्न होऊन एकोणिसाव्या वर्षी मुंबईला आल्या. जयवंतकाका लालबागच्या गिरणीत होते. संपात गिरणी गेली, मग काका भांडुपच्या एका कारखान्यात रखवालदार झाले. काकींनी बावीस वर्षं पालिकेच्या शाळेत मुलांना खिचडी वाढली. मोजून एक डाव वाढायची ऑर्डर होती. काकी दीड वाढायच्या आणि शेवटी आपल्या डब्यातली भाकरी खायच्या. कोणी बारीक दिसलं की त्यांना चैन पडायचं नाही. मी भेटले की पहिला प्रश्न, "जेवलंस?"

चार वर्षांपूर्वी काकांना मेंदूचा झटका आला. सतरा दिवस ते मशीनवर होते, नाकातल्या नळीने जेवत होते. अठराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता यातून काही निघणार नाही, घरी न्यायचं असेल तर आपल्या जबाबदारीवर तसं लिहून द्या. हर्षद त्यांचा एकुलता एक मुलगा. तो भिंतीकडे तोंड करून रडायला लागला आणि म्हणाला, "आई, तू कर सही." काकींनी केली. नळ्या काढल्या. काकांना घरी आणलं, आणि दुपारी दोनच्या आत ते गेले.

त्यानंतर काकी सकाळचा चहा घ्यायच्या आणि दिवसभर खिडकीत बसायच्या. कुणी काही विचारलं तर मान हलवायच्या. वर्ष असंच गेलं.

वर्षश्राद्धानंतरच्या पितृपक्षात काकांचा पहिला म्हाळ आला. काकींनी खीर केली, वडे केले, काळ्या वाटाण्याची उसळ केली. गच्चीत कावळ्यासाठी पान ठेवलं. भांडुपमध्ये कावळ्यांना तोटा नाही. पण त्या दिवशी टाकीवर चार कावळे बसून राहिले आणि एकही खाली येईना. काकी हात जोडून उन्हात उभ्या होत्या. "हर्षदाचा मी बघतंय, तुमी काळजी करू नकात," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "काय चुकला आसात तर माफ करा." दीड तास झाला. शेवटी एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "सही केली ती माफ करा." हे फक्त मी ऐकलं, कारण मी शेजारी तांब्या घेऊन उभी होते.

तेवढ्यात हर्षद जिना चढून आला. त्याच्या हातात दोन महिन्यांचं पिल्लू होतं. आईला सोबत व्हावी म्हणून मित्राच्या कर्जतच्या फार्मवरून आणलेलं. राखाडी रंग, लोंबते कान, पंजे माझ्या तळहाताएवढे. त्याने ते खाली ठेवलं मात्र, ते सरळ पानाकडे गेलं आणि आधी खीर चाटली, मग वडे खाल्ले. पान पुसून ठेवल्यासारखं साफ केलं.

हर्षद घाबरला. काकींचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांना धीर द्यायचा म्हणून मी बोलून गेले, "काकी, पानाला शिवला बघा. दत्तमहाराजांच्या पायाशी कुत्रेच असतात ना. काकांचा राग नाही, त्यांनीच पाठवलाय."

मी दर गुरुवारी दत्ताच्या देवळात जाते. माझं बोलणं काकींनी खरं मानलं. मी काही खोटं म्हणून बोलले नव्हते, पण खरं आहे की नाही याचा विचारही केला नव्हता.

काकींनी त्या पिल्लाला दारात थांबवलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं आणि मग आत घेतलं. त्या रात्री वर्षभरानंतर पहिल्यांदा त्या पोटभर जेवल्या. हर्षदने माझे हात धरले होते. "मावशी, आई माणसांत आली," म्हणाला.

पिल्लाच्या डॉक्टरने कार्ड दिलं होतं. हर्षदने ते वाचून दाखवलं. ही मोठ्या हाडाची जात आहे, तिला सावकाश वाढू द्यायचं. बारीकच ठेवायचं. वर्षभर जिने चढवायचे नाहीत, उचलून न्यायचं. कॅल्शियम वरून अजिबात द्यायचं नाही.

"बारीक ठेवूचो?" काकी म्हणाल्या. "माझ्या घरात?"

हर्षद कामावर गेल्यावर मला म्हणाल्या, "शेवटी नळीन जेवले गो ते. आता तरी तोंडान जेवंदेत."

सकाळी नाचणीची पेज आणि अंडी. दुपारी भात आणि बांगडा. संध्याकाळी म्हशीचं दूध. एवढं शरीर वाढतंय तर हाडं मजबूत पाहिजेत, म्हणून काकींना गुडघ्यांसाठी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या त्या भाताच्या मुटक्यात घालून त्याला देऊ लागल्या. स्वतः घेईनात. गोळ्या मीच आणून द्यायचे, देवळातून येताना वाटेत मेडिकल लागतं म्हणून. आधी महिन्याला दोन पट्ट्या, मग पाच. त्या कुठे जातात हे मला दिसत होतं. कार्ड वाचलं तेव्हा मी तिथेच बसलेली होते. पण काकी हसत होत्या, जेवत होत्या, आणि मला त्यात बोलवेना. चाळीला लिफ्ट नाही. पाच महिन्यांचा झाला तेव्हा तो उचलण्यापलीकडे गेला होता. दिवसातून तीनदा तीन मजले चढ-उतर सुरू झाली.

सातव्या महिन्यात पुढचे पाय मनगटात वाकले. दीड वर्षाचा होईतो मागून लंगडायला लागला. डॉक्टरने हाडांचा फोटो काढला आणि विचारलं, काय काय देत होतात? काकींनी एकेक करून सगळं सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत, नुसतं लिहीत राहिले. घरी आल्यावर काकींनी उरलेल्या गोळ्या मोरीत टाकल्या. त्या दिवसापासून आमच्यात गोळ्यांचा विषय निघाला नाही.

दरम्यान हर्षदची बायको तेजल बाळंत झाली. एका खोलीत बाळ आणि वासराएवढा कुत्रा कसा राहणार, म्हणून ती दोघं बाळाला घेऊन ठाण्याला राहायला गेली. काल रात्री काकींनी फोन केला तर हर्षद म्हणाला, "आई, तुला वाटेल ते कर. मी काय सांगू?"

नाहूरपुढे मेट्रोच्या कामाने रस्ता खणलेला आहे. गाडीचं चाक एका खाचेत अडकलं, आणि हिसका बसल्यावर सुलतान कण्हला. काकींनी त्याच्या तोंडाजवळ हात नेला. त्याने तो चाटला. मग दोघींनी जोर लावून चाक काढलं.

"शुभा," काकी ढकलता ढकलता म्हणाल्या, "तू गच्चीत म्हटलंस ना, हेंनीच पाठवलो म्हणून."

"हो काकी."

"माका ठावक होता, कुत्रो तो कुत्रोच. येडी नाय मी." थोडं चालून म्हणाल्या, "पण बरा वाटला गो. सारखा कोणाक तरी वाढूचा, नि त्यानी खावचा."

मनात दत्ताचं नाव घेत होते, तेच घेत राहिले.

दवाखान्यात पोचलो तेव्हा दहा वाजले होते. आवारात पिंपळाखाली गाडी लावली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, गुडघे टेकून बसल्या, सुलतानच्या हिरड्या बघितल्या, डोक्यावर हात फिरवला. "आजी, ठरलं ना?" त्यांनी विचारलं. काकींनी होकाराची मान हलवली. मग बाईंनी एक कागद आणि पेन काकींच्या हातात दिलं. "इथे सही. सांभाळणाऱ्यांपैकी कोणाचीही चालेल. घाई नाही, मी औषध भरून आणते."

काकींनी पिशवीतून डबा काढला. खीर होती, वेलची घातलेली. पहाटे केली असणार. बोटावर घेऊन घेऊन त्यांनी ती सुलतानला चाटवली. तो निम्मी खाऊन थांबला. त्यांनी त्याचं तोंड पदराने पुसलं, डबा बंद केला आणि कागद उलगडला. पेन कागदावर टेकवलं. तिथे शाईचा एक ठिपका मोठा होत गेला.

मग त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं.

"ही सही तू कर, शुभा," त्या म्हणाल्या. "रागान सांगत नाय मी. गोळये आपण दोघींनी दिले. पण सही मी एकदा केलंय. दुसऱ्यांदा माझ्या हातान नको. तू कर."