लेसिथिनचा प्रसाद

भोईवाड्याच्या बागेत रोज सकाळी एक आजोबा दिसतात. नाव मी कधी विचारलं नाही. फेऱ्या झाल्या की ते बाकावर बसून स्टीलची डबी उघडतात आणि आसपासच्या प्रत्येकाच्या तळहातावर चमचाभर पिवळे दाणे ठेवतात. "लेसिथिन आहे. स्मरणशक्तीला चांगलं." दाणे मेणासारखे दातांना चिकटतात. फरक कोणालाच पडलेला नाही, पण नको म्हणायची कोणाची छाती होत नाही.

एकदा मी म्हटलं, "आजोबा, आम्हाला वाटून संपवता कशाला? तुम्हीच खा की."

"खातो रे. पण मला एकट्यालाच जुनं सगळं आठवलं, तर 'हो, असंच झालं होतं' म्हणायला कोण उरणार?"

मी गुपचूप दाणे तोंडात टाकले आणि प्रसाद घेतल्यासारखा हात डोक्यावरून फिरवला.

"बरोबर," ते म्हणाले, "तिथेच पोचायला हवंय ते."